विश्लेषण : तिसरीपासून ‘संगणकीय विचार’, पण वर्गात शिकवणार कोण?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेल्या घोषणेनुसार, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवण्याचे नियोजन आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगची सुरुवात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवलेली होती. ती आता तीन इयत्ता खाली आली. कल्पना चांगलीच आहे. मात्र ज्यांनी हा प्रयोग आधी केला, त्यांची खरी अडचण संगणकांची नव्हती, शिक्षकांची होती.

संगणकीय विचार म्हणजे नेमके काय?

त्यासाठी संगणक लागतोच असे नाही. प्रार्थनेच्या वेळी ४० मुलांची उंचीनुसार रांग लावायची आहे. नियम एकच : शेजारच्या दोघांची उंची पाहायची, पुढचा उंच असेल तर जागा बदलायची आणि रांगेच्या शेवटापर्यंत हेच करत जायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. अशा जास्तीत जास्त ३९ फेऱ्यांत रांग लागते. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘बबल सॉर्ट’ म्हणून शिकवतात ते हेच. आता एखादी मुलगी विचारते, ‘बाई, रांग आधीच बरोबर असेल तर?’ तर एका फेरीत कोणीच जागा बदलत नाही, म्हणजे थांबायचे. पण हे यंत्राला कळणार कसे? तशी सूचना द्यावी लागेल. या प्रश्नाशी थांबून मुलांना बोलते करणारा शिक्षक असेल, तर तो तास संगणकीय विचाराचा. नसेल, तर ती कवायत.

इंग्लंडमध्ये काय घडले?

२०११ मध्ये गूगलचे एरिक श्मिट यांनी एडिनबरा येथील भाषणात ब्रिटिश शाळांवर टीका केली. मुलांना सॉफ्टवेअर वापरायला शिकवता, ते तयार कसे होते हे नाही, असा त्यांचा रोख होता. जानेवारी २०१२ मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना ‘आयसीटी’ अभ्यासक्रम मोडीत काढण्याची घोषणा केली आणि सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी ‘कम्प्युटिंग’ हा विषय आला. २०१६ मध्ये बीबीसीने सातवीच्या मुलांना ‘मायक्रोबिट’ हे खिशात मावणारे संगणक मोफत वाटले. सुमारे १० लाख.

गाजावाजा झाला, पण आकडे वेगळेच बोलत होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयल सोसायटीने आढावा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक शाळांत शालान्त पातळीवर संगणकशास्त्र हा विषयच उपलब्ध नव्हता. जिथे होता, तिथे तो घेणाऱ्यांत मुली होत्या पाचात एक. जुन्या आयसीटीत मुलींचे प्रमाण बरेच जास्त होते. तो विषय बंद झाला आणि नवा विषय ‘गणितवाल्या मुलांचा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. परिणामी अनेक मुलांच्या वाट्याला दोन्हीपैकी काहीच आले नाही.

याच सुमारास सरकारने ८,००० शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८.४ कोटी पौंड जाहीर केले. म्हणजे विषय वर्गात पोहोचला २०१४ मध्ये आणि शिक्षक घडवण्यासाठी मोठा निधी मिळाला तीन वर्षांनी. श्रीमंत देशाला हे परवडते. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने संगणकशास्त्राच्या जागी अधिक व्यापक ‘कम्प्युटिंग’ परीक्षा आणण्याचे मान्य केले. ११ वर्षांनी दुरुस्ती!

केरळने वेगळे काय केले?

केरळने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू केला. शाळेत आधीपासून असलेल्या गणित, विज्ञान, भाषेच्या शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले, त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले. परवान्याचे पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सॉफ्टवेअर घेतले, त्यामुळे बदल करायला कंपनीच्या परवानगीची गरज उरली नाही. २०१७ मध्ये या प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २०२५-२६ पासून तिथल्या दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला रोबोटिक्स सक्तीचे आहे. बातमी झाली ती या शेवटच्या पायरीची; तिच्याखाली जवळपास पाव शतकाचे शिक्षक प्रशिक्षण आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

आपल्याकडे केंद्राच्या आयसीटी योजनेतून हजारो शाळांत संगणक कक्ष उभे राहिले, ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने. कंपनीने संगणक आणायचे, कंत्राटी शिक्षक नेमायचा आणि पाच वर्षांनी सारे शाळेच्या हवाली करायचे. यंत्रे शाळेकडे आली. शिक्षकाचे कंत्राट मात्र संपले. हे संगणक शिक्षक नंतर नोकरीसाठी आझाद मैदानात आंदोलने करत राहिले. ज्याला यंत्र चालवता येते तो मैदानात आणि यंत्र कुलपात, अशी ही कहाणी. केरळने ज्ञान कायम नोकरीतल्या शिक्षकात साठवले, आपण ते कंत्राटात साठवले.

एआयच कोड लिहिते, मग हे कशाला?

रास्त शंका आहे. आज्ञावलीचे स्पेलिंग पाठ करून घेणे आता खरोखरच वेळेचा अपव्यय ठरेल. पण यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखायला पायऱ्यांचा हिशेब कळावाच लागतो. कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे गेले नाहीत. म्हणून तिसरीपासून सुरुवात करण्यात गैर काही नाही. तिसरीच्या मुलाला महागडा ‘कोडिंग क्लास’ लावण्यात आहे.

आता लक्ष कशाकडे ठेवायचे?

यूडायस २०२४-२५ नुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. ही दरी पैशाने भरून निघेल. अवघड आकडा दुसराच आहे : एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तिथला शिक्षक एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो. नव्या विषयासाठी ‘निष्ठा’ कार्यक्रमातून आणि चित्रफितींद्वारे प्रशिक्षण देण्याचे मंत्रालयाने म्हटले आहे. पण चित्रफीत पाहून प्रमाणपत्र मिळते. रांगेच्या प्रश्नावर मुलांना बोलते करणे प्रत्यक्ष वर्गात, अनुभवी सहकाऱ्यासोबत शिकावे लागते. केंद्रप्रमुखांच्या कित्येक जागा रिक्त राहतात, त्या राज्यात हा सहकारी कुठून येणार, याचे उत्तर राज्य सरकारने पुस्तके छापण्याआधी द्यायला हवे.