अनुयायाचे मन कोण वाचणार?

एखाद्या बुवाला अटक झाली की देशभर दोन प्रश्न विचारले जातात: त्याने किती माया जमवली, आणि त्याच्यावर कोणत्या नेत्याचा वरदहस्त होता. त्याच्या शब्दाखातर घरदार, पोटची मुले, स्वतःचे शरीरही स्वाधीन करणाऱ्या माणसाच्या मनात नेमके काय घडले, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द उच्चारला की उत्तर मिळाले, असे मानण्याची सवय विवेकवाद्यांनाही जडली आहे. वास्तविक ते निदान नव्हे, नुसता शिक्का आहे. मराठीत तर ‘कल्ट’ला नेमका शब्दही नाही. ‘पंथ’ म्हणावे तर वारकऱ्यांचाही पंथच. ‘बुवाबाजी’ म्हणावे तर केवळ बुवा दिसतो, अनुयायी दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तलेले अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी या तिसऱ्या प्रश्नाच्या मागे जवळजवळ सारी हयात घालवली. रूढ अर्थाने ते न्यायवैद्यक मानसोपचाराचे माणूस नव्हते. पण न्यूयॉर्कच्या जॉन जे फौजदारी न्याय महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, न्यायालयात साक्ष दिली, आणि या विषयात काम करणारा तज्ज्ञ आजही त्यांच्या चौकटीवाचून पुढे जात नाही. १९५४-५५ मध्ये हाँगकाँगला राहून त्यांनी चीनच्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर पडलेल्या २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. त्या काळी ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द वृत्तपत्रांत धुमाकूळ घालत होता. लिफ्टन यांना तो खटकत असे, कारण त्यात कोणी अदृश्य जादूगार गृहीत धरलेला असतो. १९६१ च्या ग्रंथात त्यांनी जादूऐवजी आठ लक्षणे मांडली. बाहेरच्या जगाशी संवाद तोडणे, सतत कबुलीजबाब घेणे, विचार थांबवणारी ठरावीक भाषा रुजवणे, ही त्यांपैकी काही. एका लक्षणाला त्यांनी ‘पवित्र विज्ञान’ असे नाव दिले: गुरूचा सिद्धांत हेच अंतिम शास्त्र, त्यावर शंका घेणे अधर्म आणि अशास्त्रीयही. ‘क्वांटम’ आणि ‘कंपने’ यांच्या जपावर चालणारी प्रवचने ऐकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला याचे वेगळे उदाहरण द्यावे लागू नये.

पदवीने माणूस सुरक्षित होतो, हा भ्रम तर ‘ओम शिनरिक्यो’ने कायमचा मोडायला हवा होता. नावात आपला ओंकार, आराध्य शिव, आणि गुरू शोको असाहारा याचा दावा हिमालयात मोक्ष मिळाल्याचा. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूच्या पिशव्या फोडणाऱ्या पाच जणांत एक हृदयशल्यविशारद होता आणि तिघे भौतिकशास्त्र शिकलेले होते. संघटनेचे स्वतःचे ‘विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालय’ होते! त्यानंतर लिफ्टन जपानला गेले आणि माजी अनुयायांसमोर तासन्‌तास बसले. ते काम १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आले.

असाहाराला ६ जुलै २०१८ रोजी फाशी झाली. त्याच आठवड्यात, १ जुलैला, दिल्लीतील बुराडी येथे एका घरात अकरा जण मृत आढळले होते. दूरचित्रवाणीने दोन दिवसांत ‘मोक्ष’, ‘तांत्रिक’, ‘सामूहिक वेड’ अशी तीन निदाने करून टाकली. तपासात मात्र वह्या सापडल्या. दिवंगत वडिलांच्या नावाने आलेल्या, वर्षानुवर्षे टिपून ठेवलेल्या आज्ञा त्यांत होत्या. सीबीआयच्या न्यायसहायक प्रयोगशाळेने ‘मानसिक शवचिकित्सा’ केली, म्हणजे वह्या वाचल्या, नातलगांशी आणि परिचितांशी बोलून मृतांची मनःस्थिती उभी केली. निष्कर्ष असा निघाला की मरण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. विधी करताना घडलेला तो अपघात होता. ‘वेड’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना हा निष्कर्ष पचत नाही, कारण त्यातून दिसते ते अतिशय आज्ञाधारक, अतिशय सामान्य घर. आज बुराडी म्हटले की बहुतेकांना वेबमालिका आठवते. मानसोपचाराच्या वर्गात ते प्रकरण तपशीलवार शिकवले जायला हवे होते.

भारतीय यंत्रणेला मनाच्या शास्त्राचे वावडे आहे असे नाही. तिला घाई आहे. नार्को चाचणी, मेंदूचे आलेख, ‘सत्य सांगणारे’ इंजेक्शन यांवर अनेक वर्षे श्रद्धा ठेवली गेली. २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने मेंदूच्या आलेखाचा पुरावा ग्राह्य धरून शिक्षाही सुनावली. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की संमतीविना अशा चाचण्या घटनाबाह्य आहेत. यंत्राकडून एका दुपारी कबुली हवी असलेल्यांना चाळीस माणसांशी महिनोन्‌महिने बोलणारा संशोधक कशाला परवडेल? त्यात देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५; शिफारस तीनची. २०२४ पासून गंभीर गुन्ह्याच्या स्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेट सक्तीची झाली, पण तो रक्त आणि ठसे घेऊन परततो.

लिफ्टन यांच्या शास्त्रालाही मर्यादा होत्या. १९७६ मध्ये पॅट्रिशिया हर्स्ट खटल्यात त्यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली: अपहरणकर्त्यांनी या तरुणीचे मन मोडले होते आणि त्याच अवस्थेत ती बँकेच्या दरोड्यात सामील झाली. ज्यूरीने ती मान्य केली नाही. हर्स्ट दोषी ठरली. दबाव किती आणि इच्छा किती, हे न्यायालयाला हवे तसे मोजून देता येत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले. भारतात एखादा अनुयायीच गुन्ह्यात आरोपी ठरतो तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो, आणि दोन्ही वकील तो टाळतात.

मानसिक शवचिकित्सेचे अहवाल नावे वगळून संशोधकांना खुले करावेत, आश्रमांतून बाहेर पडलेल्यांच्या मुलाखती विद्यापीठांनी पद्धतशीर नोंदवाव्यात, यासाठी नवा कायदा लागत नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. बंगळुरूची निम्हान्स तर कितीतरी जुनी. या दोन ठिकाणी पाच-पाच तरुण तज्ज्ञांना दहा वर्षे हेच काम करू दिले, तर पुढचे बुराडी घडेल तेव्हा पत्रकारांना फोन लावण्यासाठी ज्योतिषी सोडून आणखी कोणी तरी सापडेल.