संदर्भांची श्रीमंती

डिडेरिक स्टापेल हे नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्रज्ञ होते, डीनसुद्धा. शोधनिबंध भराभर यायचे, संदर्भही भरपूर मिळायचे. रेल्वे स्थानकावर कचरा असला की माणसं जास्त भेदभाव करतात, हा त्यांचा निबंध २०११ मध्ये ‘सायन्स’ने छापला. आकडे सगळे मनातले! पितळ उघडं पाडलं ते त्याच वर्षी, तीन तरुण संशोधकांनी. नामांकित समीक्षकांनी नव्हे. पुढे ५०हून अधिक निबंध मागे घेतले गेले. चीड येते ती विद्यार्थ्यांसाठी. हे महाशय त्यांनाही घरी रचलेली आकडेवारी आयती द्यायचे, आणि ते बिचारे त्यावर पीएचडीचे प्रबंध लिहायचे. संदर्भांची मोजणी मात्र निर्विकार असते. निबंधाला झोडपणारा लेखही त्याच्या खात्यात एकाची भरच घालतो.