ऋतुमान : वसंत एक, मापे तीन

दरवर्षी फेब्रुवारीअखेर भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या काळाचा अंदाज प्रसिद्ध करतो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानी असावी : उष्म्याचे माप सर्वत्र एक नसते. उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान मैदानात व वाळवंटात निदान ४०, किनाऱ्यावर ३७, तर डोंगराळ मुलखात ३० अंश सेल्सिअस असावे लागते. शिवाय सामान्यतः ते नेहमीच्या मानाहून किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

थरच्या वाळवंटातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. तेथे ३७ अंशांचे कोणास नवल वाटणार नाही. कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो आणि शरीर निवते. रत्नागिरीच्या दमट हवेत तो वाळत नाही; म्हणून तोच आकडा जिवावर बेतू शकतो. सिमल्याकडे तर शरीरास उन्हाची सवयच नसते.

तेव्हा परगावच्या आकड्यावरून निर्धास्त राहू नये. आपल्या जिल्ह्यास नारिंगी वा तांबडा इशारा असेल, तर वृद्धांना व बालकांना दुपारी सावलीत ठेवावे. वृद्धांना तहान उशिरा जाणवते. त्यांनी मागण्यापूर्वीच पाणी पुढे करावे.