जमिनीचा श्वास

मृगाची पहिली सर आली म्हणजे घरांतील लहानथोर अंगणांत येऊन मातीचा सुगंध घेतात. त्याच घटकेस जमीन एक मोठा उच्छ्वासही सोडीत असते. परंतु तो गंधहीन असल्यामुळें कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

हें कविकल्पनेचें बोलणें नव्हे. मातींत असंख्य सूक्ष्म जीव नांदत असतात. गळालेलीं पानें व मेलेलीं मुळें हें त्यांचें अन्न. तें पचवितांना ते आपल्याप्रमाणेंच प्राणवायु घेतात व कार्बन डायॉक्साइड, म्हणजे कर्बवायु, बाहेर टाकतात. झाडांचीं जिवंत मुळेंही तेंच करतात. प्रचीति हवी असेल त्यानें पानाच्या डब्यांतील चुना पाण्यांत कालवून निवळी काढावी. आम्हीं दोन बरण्या घेतल्या. एकींत परसांतील ओलसर माती, दुसरींत वर्धा नदीची धुऊन वाळविलेली वाळू घातली, आंत निवळीची एकेक वाटी ठेवून झाकणें घट्ट लाविलीं. दोन दिवसांनीं मातीच्या बरणींतील निवळीवर पांढरी साय धरली होती. वाळूजवळची निवळी जवळजवळ तशीच राहिली. वाळूस श्वास नव्हता, कारण तिला कोणी जेवूं घातलें नव्हतें.

“मग वाळवंटाचें काय, आजोबा?” असें नातवानें विचारलें. राजस्थानांतील वाळूच्या टेकड्यांवर खेजडी, फोग अशीं झाडेंझुडुपें विरळ असतात. त्यांच्या तळाशीं पालापाचोळा सांचतो, व तेथली माती भोंवतालच्या उघड्या वाळूपेक्षां अधिक श्वास घेते. महिनोन्महिने पाणी नसलें म्हणजे ती जणूं श्वास कोंडून धरते. पाऊस पडतांच कांहीं तासांत कर्बवायूचा लोंढा सुटतो. कोरडी माती भिजल्यावर होणारा हा प्रकार बर्च नांवाच्या शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंत अभ्यासून १९५८ सालीं मांडला. पुढें पालवी फुटली म्हणजे पानें हवेंतील कर्ब परत ओढून घेतात. या देवघेवींत जें शिल्लक राहील तीच मातीची ठेव.

आम्हां बल्लारपूरकरांस उजाड टेकड्या पाहावयास दूर जावयास नको. कोळशाच्या उघड्या खाणी खणतांना दगडमाती उपसून जे ढीग रचतात, ते असेच. तो कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुन्या वनस्पतींचा पुरलेला कर्ब; तो आपण घटकेंत जाळतों. ढिगांवर झाडें लाविलीं तरी पाला कुजून तेथें जिवंत माती तयार होण्यास वर्षानुवर्षें जातात.

आणि हें सांगणारे आम्ही स्वतः तीस वर्षें दर फाल्गुनांत परसांतील सागाचा पाला झाडून जाळीत आलों, व त्यास स्वच्छता म्हणत आलों! बरण्यांचा प्रयोग पाहून सूनबाई हळूच म्हणाल्या, “मामंजी, भुकेल्याचें ताट जाळून त्याला राख वाढावी, तसेंच कीं हें!” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

कोणी म्हणेल, पाला कुजला तरी कर्बवायु सुटतोच. खरें, पण जाळल्यास बहुतेक सारा एकदम उडून जातो, कुजल्यास त्यांतील कांहीं अंश मातींत मुरून राहतो. पृथ्वीवरील मातींत आज जो कर्ब सांठला आहे, तो हवा व वनस्पती या दोहोंतील मिळून कर्बाहूनही अधिक आहे. ही ठेव असल्या अंशाअंशानेंच जमली.

यंदा परसांत खड्डा खणला आहे. पाला त्यांत पडतो. आमची काडेपेटी देवघरांतच राहते.