झोप गाढ, गादी ओली

दिवाळीच्या सुट्टीत सगळी भावंडं आजीकडे जमायची ठरतात आणि नऊ-दहा वर्षांचं एखादं मूल अचानक म्हणतं, "मला नाही यायचं." कधी पोट दुखतं, कधी अभ्यास आठवतो. खरं कारण आईबाबांना ठाऊक असतं. तिथे रांगेत गाद्या घातल्या जातील, आणि सकाळी त्यातली एक ओली निघेल.

५ वर्षांच्या मुलांत १०० पैकी साधारण १५ जण झोपेत अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण ५ च्या आसपास येतं. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात असा एखाद-दुसरा असतोच, फक्त कुणी बोलत नाही. हा आळस नाही आणि मुद्दाम केलेला त्रासही नाही. काही मुलांत रात्री लघवी कमी बनवणारं संप्रेरक पुरेसं वाढत नाही, काहींच्या मूत्राशयात रात्रभराची लघवी मावत नाही. त्यात मूत्राशय भरल्याच्या इशाऱ्यानेही त्यांची झोप मोडत नाही. झोपेत घडलेल्या गोष्टीसाठी जागेपणी रागावून काय साधणार?

हा त्रास बऱ्याचदा घराण्यातून येतो. आईला किंवा वडिलांना लहानपणी तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. पण आपल्या घरांत हे कुणी सांगत नाही. "मीही चौथीपर्यंत गादी भिजवायचो," असं बाबांनी किंवा काकांनी एकदा सहज सांगितलं, तरी मुलाच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं.

पाणी तोडू नका, वेळ बदला. शाळेतली बाटली शाळेतच संपू द्या, संध्याकाळनंतर पाणी बेताने द्या. चहा आणि कोला नकोच. झोपण्याआधी लघवीला जाणं ठरलेलं असावं. पोट रोज साफ होतं का, हेही विचारा. बद्धकोष्ठतेत भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि शाळेतलं स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुलांत ही तक्रार नेहमीची आहे.

मुलाला रात्री उचलून अर्धवट झोपेतच बाथरूममध्ये नेलं, तर त्या रात्रीपुरती गादी कोरडी राहते, पण मूल स्वतः उठायला शिकत नाही. त्यासाठी अलार्म मिळतो. चड्डीला लावलेला सेन्सर ओला होताच तो वाजतो. गाढ झोपणारं मूल सुरुवातीला उठत नाही, घरातले बाकी सगळे उठतात! तेव्हा आई किंवा बाबांनी त्याला पूर्ण जागं करायचं. अलार्म त्याने स्वतः बंद करावा, चालत बाथरूमला जावं, चादर बदलायला हात लावावा. याला २ ते ३ महिने लागू शकतात, म्हणून आईबाबांनी पाळ्या लावून घ्याव्यात. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की अलार्म थांबवता येतो. पुन्हा सुरू झालं तर पुन्हा लावायचा.

मुक्कामाची सहल किंवा लग्न असेल तर डॉक्टर डेस्मोप्रेसिन हे औषध देऊ शकतात. त्यासोबत रात्रीच्या पाण्यावर बंधन पाळावंच लागतं, म्हणून ते मनाने देऊ नये आणि निघण्याआधी घरी देऊन पाहावं.

मूल घोरत असेल, लघवीला जळजळ होत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील, किंवा ६ महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सोबत खूप तहान लागून वजन घटत असेल तर त्याच दिवशी जा, तो मधुमेह असू शकतो.

आणि बक्षीस कोरड्या रात्रीचं ठेवू नका, ती मुलाच्या हातात नसते. झोपण्याआधी बाथरूमला गेला, अलार्म लावला, मध्यरात्री उठून चादर बदलली, हे मात्र त्याने स्वतः केलेलं असतं. शाबासकी त्याची द्या, गादी ओली असली तरी.