थालीपीठाला बारकोड नसतो

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी? तर तुमच्या मोबाईलमध्ये बसलेल्या त्या खाण्याच्या हिशेबनिसाशी. चहा घेतला, लिहा. पोळी खाल्ली, लिहा. वाटीभर आमटी, लिहा. रात्री तो निकाल देणार, आज 1,487 कॅलरी झाल्या, 87 जास्त!

माझा प्रश्न साधा आहे. वाटी कोणाची? आमच्या एकाच घरात आमटीच्या वाट्या तीन मापांच्या आहेत. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी धरतात, म्हणजे 5 ग्रॅमच्या चमच्याला 45 झाल्या. फोडणीत दोन चमचे पडले की तीन, हे फोडणी करणारीलासुद्धा नक्की सांगता यायचं नाही. मग त्या 1,487 मधले शेवटचे 7 आले कुठून?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली. मोलाचं काम आहे, पण त्यातले बहुतेक जिन्नस कच्चे. तुमच्या घरची आमटी त्यात कशी सापडणार? आणि साध्या बदामाचंही बघा. 28 ग्रॅम बदामांच्या 170 च्या आसपास कॅलरी धरत. 2012 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना खायला घालून तपासलं, तर अंगी लागतात 129 च.

"मामी, अंदाज तर येतो ना!" इति आमचा भाचा. अरे, येतो ना, पण त्यापायी काय होतं ते ऐक. बिस्किटाच्या पुड्याला बारकोड असतो, मोबाईल धरला की आकडा हजर. भाजणीच्या थालीपीठाला कुठला बारकोड? आमची पंधरा वर्षांची नात मे महिन्यात आली होती. थालीपीठ सारलं बाजूला आणि बिस्किटं खाल्ली. का, तर "आजी, याचं नीट लिहिता येतं." रात्री पोटात कावळे ओरडत असताना पाणी पिऊन झोपली. आजचा कोटा संपला म्हणे!

वाढत्या वयाच्या मुलीला कसला आलाय कोटा? सकाळच्या प्रार्थनेला चक्कर येऊन पडणाऱ्या मुली मी शाळेत पाहिल्या आहेत. त्यांच्या घरी डब्यात पीठ नसायचं. इथे डबे भरलेले आहेत, साजूक तूप आहे, आणि पोरगी उपाशी निजते. याला आरोग्य म्हणायचं?

इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकरी जरूर मोजावी. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

नातीच्या आईबाबांनो, तुम्ही दोघं हे वाचता, मला ठाऊक आहे. तिच्या मोबाईलमधलं ते ॲप तुम्हीच तिच्याजवळ बसून काढा. नुसतं रागावू नका, आधी ती किती जेवते ते आठवडाभर बघा. आणि स्वतःच्या मोबाईलमधलंही काढा, कारण ती शिकली ती तुमचंच बघून.

बाकी गणपतीला सगळे येणार आहातच. उकडीच्या एका मोदकात कॅलरी किती, हे कोणी विचारू नये. नारळ किती लागले ते सांगेन.