पार्थिव गणेश आणि रस्त्यावरचे नाट्य

श्रीगणेशचतुर्थी जवळ आली की महाविद्यालयांची मुलेमुली रस्त्यात गोल धरून निर्माल्य, प्लास्टिक, मूर्तिविसर्जन अशा विषयांवर पथनाट्ये करतात. रुइया-पोदारच्या माटुंग्याला हे दृश्य नवे नाही. ही धर्माची थट्टा आहे, असे पुष्कळ भाविकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच प्रयोगाची कथा आहे. आपला पराभव रंगभूमीवर पाहून दैत्य संतापले आणि विघ्नांनी नटांची वाणी व स्मृती गोठविली. तेव्हा ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली, की हे नाट्य कोणा एका पक्षाचे नव्हे, साऱ्या त्रैलोक्याचे आहे. लोकमान्यांच्या काळी उत्सवातील मेळ्यांनी तरुणांच्या मुखाने स्वदेशीचा प्रचार केला, तोही आरतीच्याच मंडपात.

आता मूळ प्रश्न. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मूर्तींस मनाई केली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्यास सांगितले. यावर ‘समुद्रावाचून विसर्जन कसले?’ असा सवाल घरोघरी ऐकू येतो. वाचकहो, या व्रतास ‘पार्थिव गणेशपूजन’ म्हणतात; पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची मूर्ती. उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून मूर्ती किंचित हलविली की देवतेचे विसर्जन झाले. पुढे पाण्यात जाते ती माती. म्हणूनच ती माती असावी. किंग्ज सर्कलच्या जी. एस. बी. सेवा मंडळाची सुवर्णालंकारांनी नटलेली भव्य मूर्तीही शाडूचीच असते, हे माटुंगेकरांस सांगावयास नको.

या मुलांकडे आमचे एक मागणे आहे. संत गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. पथनाट्यानंतर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथेच टाकून जाणारा चमूही आम्ही पाहिला आहे. (कीर्तनानंतर मंडपात उरणाऱ्या द्रोण-पत्रावळींविषयी आम्ही तूर्त मौन पाळतो.)

आणखी असे, की या नाट्यांत मूर्तिकार बहुधा खलनायक असतो. शाडूची मूर्ती जड, वाळण्यास वेळ घेणारी, ने-आण करताना भंगणारी आणि महाग. लालबाग-परळच्या कारखान्यांत राबणाऱ्या कारागिराचे पोट एका हंगामावर चालते. पुढल्या प्रयोगात त्यालाही चार वाक्ये बोलू द्यावीत.